वीस पावलांवरचा पंप

समुद्राच्या अंगाचं आभाळ राखाडी झालं, की म्हातारा नाकिबाए माडाच्या बुंध्याशी जाऊन उभा राही, दोन्ही तळहातांवर थुंके आणि खोडातल्या खाचांत पायाची बोटं रोवत वर चढू लागे. सत्तरी उलटली होती, गुडघे वाजत. पण शेंड्याशी पोहोचला की तो गाऊ लागे. माडी काढणाऱ्याने गायचंच असतं, म्हणजे खाली अंघोळ करणाऱ्या बायांना कळतं की वर माणूस आहे. गातागाताच तो पोयीच्या, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याच्या, टोकाचा पातळ काप काढी, सैल झालेला दोरा आवळी, रात्रीची बाटली सोडून रिकामी अडकवी. सात महिने बेटावर पावसाचा थेंब नव्हता. पूर्वी काठोकाठ भरणाऱ्या बाटलीत आता चार बोटं माडी निघे, आणि गाणंही तेवढंच आखूड झालं होतं.

खाली त्याची सून रोतिआ नारळाच्या सोडणांचा विस्तव फुंकत असे. ती माडी गाळून मुंग्या बाजूला काढी, म्हाताऱ्यासाठी एक आणि मुलीसाठी, मारेतितासाठी, एक असे दोन पेले झाकून ठेवी. आणि मग कोयता व पत्र्याचा डबा घेऊन बाबाईच्या खड्ड्याकडे चालू लागे.

बाबाई म्हणजे दलदलीतलं थोरलं अळू. पान छत्रीएवढं, कंद माणसाच्या मांडीएवढा; आणि जपलं, वर्षानुवर्षं भरवलं, तर रांगत्या मुलाएवढा. रोतिआच्या नवऱ्याच्या पणजोबाने पांढऱ्या प्रवाळाच्या जमिनीत शिंपल्याच्या कुदळीने तो खड्डा खणला होता: तीस पावलं लांब, दीड पुरुष खोल, तळाशी बेटाच्या पोटातलं गोडं पाणी. रोतिआ पायऱ्यांनी खाली उतरली. पानांना हात लावण्याआधी तिने पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं. लग्न होऊन आली त्या आठवड्यात नवऱ्याने, तामुएराने, तिला हे पहिलं शिकवलं होतं: आधी पाणी चाख, मग पान बघ, पान खोटं बोलतं, पाणी बोलत नाही.

तिने थुंकी टाकली. पाणी कालच्यापेक्षा खारट होतं.

तेवढ्यात सूर्य माडांच्या वर आला आणि वीस पावलांवर, उन्हाची वीज करणाऱ्या, झिलई मारलेल्या काळ्या तावदानाखाली, पंपाने घुरघुरायला सुरुवात केली.

*

पंपाआधी टोपी आली होती. तामुएराचा चुलतभाऊ बिरिबो राजधानीच्या बेटावर चार दिवसांच्या शिबिराला गेला आणि ‘स्वावलंबी गाव’ अशी अक्षरं असलेली निळी टोपी घालून, त्या योजनेचा गावातला अध्यक्ष होऊन परतला. त्या दिवसापासून ती त्याच्या डोक्यावरून उतरली नाही. चर्चमध्येही ती काढायचं भान त्याला राहत नसे. बायको तीरा मागून कोपराने ढोसे, तेव्हा ती खाली येई.

टोपीमागोमाग काउतू नावाचा तरुण अधिकारी आला. मुलगा वाईट नव्हता. लांबच्या नात्याने कोणाचा तरी नातू, राजधानीत वाढलेला. खाली मांडी घालून बसताना त्याचे पाय दुखत, आणि ते लपवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न करी. त्याच्याजवळ कागद होते. घरोघर फिरून गावात गरीब कोण, हे त्याला शोधायचं होतं. हे आजवर कोणी शोधलं नव्हतं, त्यामुळे गावाला ते ठाऊकही नव्हतं.

“काकी, घरात पगार आणणारं कोण?”

“कोणी नाही. हिचा बाप होता, पायाची जखम चिघळून गेला. चार वर्षं झाली.”

“छप्पर कशाचं?”

“झापांचं.”

“म्हणजे पत्र्याचं नाही.”

“झापांचं म्हटलं ना मी.”

“वर्षातून किती दिवस उपाशी राहता?”

रोतिआने त्याच्याकडे पाहिलं. या बेटावर ज्याला नातलग नाहीत तोच उपाशी राहतो. समोरचं पोर तिला, तिच्या म्हाताऱ्या सासऱ्यादेखत, बेवारशी म्हणत होतं आणि उत्तरासाठी पेन उघडं धरून बसलं होतं. शेवटी काउतूने स्वतःच एक आकडा लिहिला.

जाताना त्याने जमीन पाहिली. खड्ड्याच्या काठावरून आत डोकावला, नाकाशी हात नेला. त्याच्या कागदावर माड, डुकरं, कोंबड्या, होडी यांना रकाने होते, बाबाईला नव्हता. त्याने जिथे जागा होती तिथे लिहिलं, आणि मारेतिता शिकलेली असल्याने तिने ते उलट्या बाजूने वाचलं: ‘दलदल. वापरात नाही.’

“आई, आपला खड्डा वापरात नाहीये,” त्या संध्याकाळी ती म्हणाली.

“हो का?” म्हातारा म्हणाला. “मग मी शंभर वर्षं काय खाऊन जगलो?”

“तुम्ही सत्तरच जगलात, आजोबा.”

“मग बाकीची तीस तुझ्या पणज्याने खाल्ली.”

पंधरवड्याने मानेआबाच्या, म्हणजे गावच्या थोरल्या सभाघराच्या, खांबावर यादी लागली. ‘क’ वर्गात, म्हणजे सर्वांत खाली, तीन नावं होती. पहिलं रोतिआचं.

*

त्यानंतर बिरिबो आला तो बुबूती करायला. बुबूती म्हणजे नातलगाने नातलगाच्या दारी बसून, शब्द उच्चारून केलेलं मागणं. ते नाकारता येत नाही. होडी मागितली तर होडी द्यायची, अंगावरचा सदरा मागितला तर सदरा. नाकारणाऱ्याला दंड नसतो. फक्त त्याच्याविषयी पुढे तीन पिढ्या बोललं जातं. मागणाऱ्यानेही जपून मागायचं असतं, कारण उद्या देणाराच मागायला येऊ शकतो. बिरिबोच्या टोपीखाली हा दुसरा भाग राहिला नव्हता.

“वहिनी,” तो खांबांवर उचललेल्या ओट्याच्या कडेला बसून म्हणाला, “बुबूती करतो. खड्ड्याशेजारचा तो कोपरा. विहीर खणायची, पंप बसवायचा, वाफे करायचे. कोबी, टोमॅटो. तुमच्याच नावाने होईल सगळं.”

“माझ्याच नावाने? मग तुम्ही का मागताय, भावजी?”

“अहो, गावासाठी! तुम्ही ‘क’ वर्गात. लाभार्थी तुम्ही. पुढच्या टप्प्यात तुम्हाला पत्रे मिळणार.”

“खड्ड्याच्या इतक्या जवळ विहीर?”

“काउतूने मापून दिलंय. शिकलेला मुलगा आहे.”

तिला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण शब्द उच्चारला गेला होता आणि म्हातारा जमिनीकडे पाहत बसला होता. ती म्हणाली, “घ्या.” तामुएरा असता तरी हेच म्हणाला असता, असं तिने नंतर मनाला अनेकदा सांगितलं.

विहिरीवर फळी उभी राहिली. निळ्या रंगात ‘स्वावलंबी गाव’ आणि खाली पांढऱ्यात ‘लाभार्थी : रोतिआ’. फळी जाड होती, बाहेरून आलेल्या पक्क्या लाकडाची. घर बांधायला असं लाकूड बेटावर कोणाला मिळत नसे.

कोबी उगवला. त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी लागे, जाळी लागे, जाळीखालून येणाऱ्या खेकड्यांवर पहारा लागे. तीन महिन्यांत मुठीएवढे अकरा गड्डे झाले. म्हाताऱ्याने एक पान चावून पाहिलं.

“पाणीच आहे,” तो म्हणाला. “फक्त चावावं लागतं.”

दरम्यान विहिरीपासून एक काळी नळी वाळूखालून निघून बिरिबोच्या घरी पोहोचली. तीराला नळ मिळाला. बिरिबोच्या दोन डुकरांना चिखलाचं डबकं मिळालं. दुष्काळात गावातली तेवढी दोनच डुकरं थंड होती.

*

पाणी खारट होऊ लागलं तशी रोतिआ पंधरा दिवस राबली. पहाटे उठून ती आणि मारेतिता जंगलाच्या अंगाला जात, सुकी पानं, कुजलेली साल आणि झाडाखालची काळी माती पोत्यांत भरून आणत. केवड्याच्या पात्यांची बिनतळाची टोपली विणून ती एकेका बाबाईभोवती बसवत आणि आत मुठीमुठीने खाद्य चेपत. कोणतं पान आधी, कोणतं मागून, चंद्राच्या कोणत्या दिवशी, हे त्या घराचं गुपित होतं. बेटावरच्या प्रत्येक घराचं असं एक असे. ते शेजाऱ्याला सांगण्यापेक्षा माणूस स्वतःचं पाप सांगे.

खड्ड्याच्या मधोमध तीन थोरल्या बाबाई उभ्या होत्या. मारेतिता दहा वर्षांची झाली त्या वर्षी तामुएराने त्या लावल्या होत्या. त्याला बारा वर्षं झाली. महिनाभराने उत्तरेकडच्या गावातल्या घरी तिचं लग्न होतं, आणि तिथल्या मानेआबात त्या तिन्ही दांड्याला बांधून, चार माणसांच्या खांद्यावरून जायच्या होत्या. सासरी मुलीला पुढे कोणी टाकून बोलायला लागलं, तर दुसरं कोणीतरी म्हणेल, तिच्या बापाच्या बाबाई आठवतात का? एवढीच तिची शिदोरी होती.

दुपारी रोतिआ बेटाच्या मध्यावरच्या जुन्या विहिरीवरून कावडीने पाणी आणी आणि खड्ड्यात ओती. खांद्याची कातडी सोलून निघाली होती.

“समुद्र गोड करायला निघालीस काय?” म्हाताऱ्याने काठावरून विचारलं.

“मग काय करू, बाबा?”

“गोडं पाणी खाऱ्यावर सायीसारखं असतं, पोरी. साय हलक्या हाताने ओरपायची. हे लोक नळी खुपसून खालचं दूध ओढतायत. वरून वाटीभर ओतून साय धरत नाही.”

ती कावड ठेवून तशीच बिरिबोकडे गेली. तो नळाखाली पाय धूत होता.

“भावजी, पंप थांबवा. खड्ड्यात खारं येतंय.”

“वहिनी, तुम्ही पण! दुष्काळ आहे, सगळीकडेच खारं होतंय.”

“जुन्या विहिरीत नाही.”

“ती लांब आहे.”

“तेच म्हणतेय मी.”

बिरिबोने नळ बंद केला. सावकाश, पूर्ण आवळून, पाण्याची किंमत जाणणाऱ्या माणसासारखा. “पुढच्या गुरुवारी राजधानीहून पाहणीला येतायत. तीन जण. पंप बंद दिसला तर योजना गेली. पत्रे गेले. तुमचेच पत्रे. पाहणी होऊ द्या, मग बोलू. आणि हो, घरटी एक बाबाई आणायची आहे पाहुण्यांच्या जेवणाला.”

“‘क’ वर्गानेही?”

“मानेआबात वर्ग कसला, वहिनी?” बिरिबो हसला. “तिथे सगळे सारखे.”

“आणि कोबी?”

“कोबी दाखवायला. तो खाऊन संपवला तर दाखवणार काय?”

आतून तीरा हसली. मग नवऱ्याने वळून पाहिल्यावर खोकली.

*

बुधवारी सकाळी रोतिआने जेवणासाठी कडेची एक साधी बाबाई उपटली. देठ हातात आला, कंद खालीच राहिला. तिने चिखलात हात घालून तो काढला. बूड मऊ होतं, पिकलेल्या फणसाच्या गरासारखं, आणि त्याला वास होता. दुसरी काढली. तिसरी. चौथी. प्रत्येक कंद खालून कुजत वर आला होता, आणि वर पानं हिरवी उभी होती.

मारेतिता काठावर होती. “आई?”

“काही नाही. टोपली दे.”

ती मधल्या बाबाईंकडे गेली. ढोपरांवर बसली, पहिलीच्या टोपलीतली माती बाजूला केली आणि हात खांद्यापर्यंत आत घालून कंदाचा तळ चाचपू लागली. कडक. कडक. मग समुद्राकडच्या अंगाला तिची बोटं आत रुतली.

बराच वेळ ती तशीच बसली, गालाला चिखल टेकलेला. मग दुसरी चाचपली, तिसरी चाचपली. त्या अजून घट्ट होत्या.

पहिली काढायलाच हवी होती. ठेवली तर महिनाभरात सगळीच जाणार. आणि लग्नाच्या उरलेल्या दोन सोडल्या तर घरात दुसरी धड बाबाई नव्हती. मानेआबात रिकाम्या हाताने जाणं शक्य नव्हतं. दोघींनी मिळून ती बारा वर्षांची बाबाई उचलून वर आणली, तेव्हा म्हाताऱ्याने उठून तिच्यावर हात ठेवला आणि पुन्हा जाऊन बसला. रोतिआने कुजलेला तिसरा हिस्सा कापून टाकला. उरलेलं रात्रभर भट्टीत शिजवलं.

*

पाहुणे तीन होते. त्यांना ऊन फार लागलं. त्यांनी पंपाचे फोटो काढले, कोबीचे काढले, फळीशेजारी रोतिआला उभं करून तिचे काढले. “थोडं हसा, काकी,” काउतू म्हणाला. त्याला खरोखरच तिचं भलं व्हावं असं वाटत होतं. आणि त्या क्षणी तिला त्याचा जितका राग आला तितका बिरिबोचाही कधी आला नव्हता.

मानेआबात चटया पसरल्या होत्या. ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ वर्गाने आणलेलं अन्न एका ओळीत मांडलं होतं: भाजलेले मासे, माडीची काकवी, किसलेलं खोबरं, आणि रोतिआची बाबाई, कापून काकवीत घोळलेली. मधोमध एका ताटात कोबीचा गड्डा होता. त्याला कोणी हात लावला नाही.

पाहुण्यांतल्या वयस्क गृहस्थांनी बाबाईचा तिसरा तुकडा घेतला. “फारच छान! हे कोणी आणलं?”

सगळ्यांनी रोतिआकडे पाहिलं.

“हे तयार व्हायला किती दिवस लागतात, ताई?”

“बारा वर्षं.”

गृहस्थ मोठ्याने हसले. मग कोणीच हसत नाही असं पाहून थांबले. “म्हणजे… आमच्या टप्प्यात बसणार नाही ते,” ते म्हणाले. “कोबी बरा. पण याला खत काय घालता? आम्हाला लिहून घेऊ द्या. दुसऱ्या बेटांना सांगता येईल.”

मानेआबातल्या लोकांनी घास खाली ठेवले. भर सभेत माणसाने परक्या बाईला तिच्या चादरीखालची गोष्ट विचारावी तसं ते होतं. काउतूलाही ते कळलं. त्याचे कान तापले. पण पेन उघडून तो बसलाच होता.

“लिही,” रोतिआ म्हणाली. “शेवाळ तीन टोपल्या. कोंबडीची विष्ठा एक टोपली. एक जुना टायर, बारीक चिरून.”

“टायर?”

“मोटारीचा. सायकलचा नाही चालत.”

काउतूने लिहून घेतलं. मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्या बायांनी तोंडं ओंजळींत, मुलांच्या केसांत, जिथे मिळेल तिथे खुपसली. नाकिबाए खांबाला टेकून बसला होता. त्याचे डोळे मिटलेले होते आणि पोट हलत होतं.

“आणि योजनेआधी आपण काय खात होता?” दुसऱ्या पाहुण्याने कागदावरून विचारलं.

“बाबाई.”

“आणि आता?”

“आता ती कुजतेय, ते बघते. पंपाने खारं पाणी वर आलंय.”

दुसऱ्या पाहुण्याने काउतूकडे पाहिलं. काउतूने बिरिबोकडे पाहिलं. बिरिबो म्हणाला, “दुष्काळ आहे साहेब, बाईमाणूस घाबरतं.” काउतूने काही लिहिलं. मारेतिता त्याच्या मागेच बसली होती. तिने नंतर आईला सांगितलं की त्याने ‘आहारात बदल’ असं लिहिलं.

मग भाषणं झाली. वयस्क गृहस्थांनी रोतिआला एक जाड कागद दिला. त्यावर ती स्वावलंबी झाल्याचं नमूद केलं होतं, खाली दोन सह्या होत्या. नंतर त्यांनी पंपाची किल्ली निळ्या फितीला बांधून बिरिबोच्या हाती दिली. आजपासून पंप योजनेचा नाही, ते म्हणाले. तो अध्यक्षांच्या स्वाधीन, ते त्याचे धनी. बिरिबो उठला. टोपी त्याने आज नवी घातली होती.

“हा पंप आता परक्याचा नाही!” तो म्हणाला. “माझ्या घरच्या कुऱ्हाडीसारखा, माझ्या होडीसारखा हा माझा आहे. आणि माझं जे आहे ते माझ्या नातलगांचं आहे!”

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी जरा जास्त वाजवल्या.

“ऐकलंस?” म्हातारा डोळे न उघडता सुनेला म्हणाला.

“ऐकलं.”

“सगळ्या खांबांनी ऐकलं.”

रोतिआने मांडीवरचा जाड कागद पाहिला. तामुएराची बाबाई ज्या ताटात होती ते ताट आता रिकामं होतं, आणि त्यात कोणीतरी माशाचे काटे टाकले होते. तिला पत्रे आठवले. पावसाळ्यात न गळणारं छप्पर, त्यावरून टाकीत उतरणारं पाणी. ते तिला हवे होते. तिने कधी कोणाला सांगितलं नसलं तरी फार हवे होते. तिने त्यांच्याविषयी शेवटचा विचार केला. मग तिने कागदाची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली आणि ती सासऱ्याला दिली. तंबाखू गुंडाळायला कागद जाड होता, पण त्याने निभावून नेलं.

*

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची बोट गेली. तिच्या पुढल्या सकाळी रोतिआने अंघोळ केली, चर्चला जाण्याचं चुण्यांचं पोलकं घातलं, केसांना तेल लावलं आणि ती बिरिबोच्या घरी गेली. ऊन अजून पिवळं होतं. तीरा मासे साफ करत होती, तिची बहीण आणि शेजारच्या दोघी जणी झाप विणत बसल्या होत्या. रोतिआ ओट्याच्या कडेला बसली. वर सरकली नाही. ते पाहूनच विणणाऱ्या बायांचे हात थांबले.

“या, वहिनी, वर बसा,” बिरिबो म्हणाला. “आज नटूनथटून? सोयरीक बघायला निघालात की काय?”

“तुमच्याकडेच आलेय, भावजी.”

“माझं लग्न झालंय हो. ही मासे कापतेय ना, तीच.”

“भावजी,” रोतिआ म्हणाली, “बुबूती करते. तुमचा पंप.”

बिरिबो हसत होता तसाच राहिला. फक्त हसू जागच्या जागी वाळलं.

“पंप?”

“पंप, त्याची नळी, वरचं तावदान आणि फळी.”

“वहिनी, तो… तो माझा कुठे आहे? तो योजनेचा.”

“परवा तुम्ही सभेत म्हणालात. कुऱ्हाडीसारखा, होडीसारखा.”

“ते भाषण होतं!”

बिरिबोने बायांकडे पाहिलं. तीराची बहीण अत्यंत बारकाईने आपल्या झापाकडे पाहत होती.

“तुमचे पत्रे जातील,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी तुमचं नाव यादीत नसेल. मी काही करू शकणार नाही.”

“बरं.”

“काउतूला काय सांगू मी?”

“सांगा, वहिनीने मागितला.”

“अहो, पण त्याला कसं कळणार…”

“तेही खरंच,” रोतिआ म्हणाली. “त्याच्याकडे रकाना नसेल.”

बिरिबोने टोपी काढली. घाम आला होता, म्हणून काढली असेल. टोपीखाली केस विरळ झाले होते. रोतिआला एकदम तो तामुएरासारखा दिसला, आणि ते तिला आवडलं नाही.

“विहिरीपासून नळ येतो म्हणून तीन महिने मला खांद्यावरून पाणी आणावं लागलं नाही,” तीरा म्हणाली. ती कोणाकडेच पाहत नव्हती. सुरी माशाच्या पोटात होती. “पुन्हा आणावं लागेल.” तिने आतडी काढून कोंबड्यांना टाकली. “किल्ली खुंटीला आहे. द्या त्यांना. तीन पिढ्या मला ऐकून घ्यायचं नाही.”

बिरिबोने निळ्या फितीसकट किल्ली आणून दिली.

*

रोतिआ आणि मारेतिताला दुपारपर्यंत वेळ लागला. मारेतिताने किल्ली फिरवली, घुरघुर थांबली. त्यांनी तावदान उतरवून घराच्या सावलीला ठेवलं. पंप ओट्याखाली सरकवला, तिथे आठवडाभराने कोंबडीने अंडी घातली. वाळूखालची काळी नळी उपसत त्या बिरिबोच्या कुंपणापर्यंत गेल्या. तिथे त्याची डुकरं वाळत चाललेल्या चिखलातून मान वर करून त्यांच्याकडे पाहू लागली. नळीचं वेटोळं करून रोतिआने ती तीराच्या दारात ठेवली; मागितली होती, पण लागत नव्हती.

मग विहीर. खणताना निघालेला प्रवाळाचा ढीग बाजूलाच पडलेला होता. त्यांनी टोपल्यांनी तो पुन्हा आत ढकलला. वाफे मोडले नाहीत. त्यांना पाणी द्यायचं सोडलं.

कोणी पाहायला आलं नाही. रस्त्याने जाणारे लोक तिकडे न पाहता जात होते. त्या बेटावर यापेक्षा जास्त लक्ष देण्याची दुसरी रीत नाही.

शेवटी उरली फळी. रोतिआने ती खांबावरून सोडवली, डोक्यावर घेतली आणि खड्ड्यात उतरली. तळाच्या चिखलातून मधल्या बाबाईंपर्यंत पोहोचायला तिला कित्येक दिवस धड वाट नव्हती. पाय रुतत आणि मुळं तुटत. तिने फळी तिथे आडवी टाकली, पायाने दाबून बसवली. अक्षरांची बाजू खाली गेली. लाकूड पक्कं होतं, तिच्या वजनाने जरासुद्धा वाकलं नाही.

फळीवर उकिडवं बसून तिने पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं. खारंच होतं. एका दिवसात गोड होत नसतं. तिने थुंकी टाकली, पोतं जवळ ओढलं आणि दुसऱ्या बाबाईच्या टोपलीत खाद्य चेपायला घेतलं: आधी ते पान, मग हे पान, मग काळी माती. वर माडाच्या शेंड्यावर म्हातारा संध्याकाळची पोय कापायला चढला होता. तो गाऊ लागला तशी मारेतिताने नव्या टोपलीच्या पात्यांची पुढची गाठ मारली आणि टोपली आईच्या हाती दिली.